काट्यावर कोण उभं होतं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी चकित व्हायला नको. आमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे. पँट आखूड करून नेणारा माणूस महिन्याभराने तीच पँट लांब करायला घेऊन आला, की मी सरळ विचारते, "पाय वाढले का?" माणसं हसतात आणि परत येतात, कारण आमच्यासारखं काम आसपास कुणाचं नाही. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या बहिणीचं.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. लहानपणी तिने आईच्या डब्यातलं बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिचं नाव बटण पडलं ते आजतागायत. केस पिकले, नातवंडं झाली, तरी बटण ते बटणच. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काच, मागे इस्त्रीचं टेबल आणि मधे आमची दोन मशीनं, समोरासमोर. तिने मान वर केली की तिला मी दिसते, मी मान वर केली की मला ती. इतकी वर्षं दुसरं काही बघितलंच नाही म्हणा ना.

कपडे अल्टर करायला आम्ही आईच्या एका नियमामुळे शिकलो. माझा फ्रॉक मला आखूड झाला की तो बटणाकडे जायचा, हे तर सगळ्याच घरांत होतं. पण आमची आई तो स्वतः द्यायची नाही. माझ्या कपड्यांच्या गळ्याला आतून लाल दोऱ्याची फुली असायची, बटणाच्या कपड्यांना निळ्या दोऱ्याची. फ्रॉक द्यायचा तर लाल फुली मी उसवायची आणि निळी मीच घालायची. एकदा निळी घातली की संपलं. एका कोटावरून मी फार धिंगाणा घातला होता, कारण तो मला अजून येत होता, नुसती बाही जरा वर जायची. आई शांतपणे म्हणाली, "निळा दोरा कुणी घातला? तूच ना? मग? खाली गेलेलं वर येत नाही." त्या कोटाचं दुःख मला अजून आहे, खोटं कशाला बोलू.

तर हे लिहिण्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते पडद्यांमुळे. वाचनालयाच्या वाचन-खोलीला नवे पडदे शिवायचे होते. मी स्टुलावर चढून खिडकीचं माप घेत होते आणि खाली टेबलाभोवती पाच-सहा माणसं पेनं चावत बसली होती. ग्रंथपाल म्हणजे चष्मा सावरत बोलणारा एक तरुण, अगदी गरीब स्वभावाचा. दर शनिवारी तो तिथे लेखनाचा वर्ग घ्यायचा. तो त्यांना समजावत होता. "आपल्या आयुष्यातला एकच प्रसंग घ्यायचा. एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच. खरंच घडलेला हवा, आणि आपला स्वतःचा हवा. शेजाऱ्याचा नको."

एका रिटायर्ड कंडक्टरने हात वर केला. "पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू धरल्या तर?"

"अहो, कापा की जरा!" मी स्टुलावरून म्हटलं. "कापड उरलं म्हणून कुणी दोन पँटी एकदम घालत नाही."

सगळे हसले. ग्रंथपाल म्हणाला, "तुम्हाला कापायचं कळतं, तर तुम्हीच या ना बसायला." झाली पंचाईत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, त्याची फळं. पण माघार घेईन तर मी कसली! गळ्यात टेप तसाच ठेवून बसले.

आणि मला ते जमलं. खरंच जमलं. पहिलं कार्ड मी आईच्या अंगुस्तानावर, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीवर लिहिलं, दुसरं आमच्या पहिल्या गिऱ्हाइकावर. कंडक्टर बिचारा तिकिटाच्या पेटीवरून सुरुवात करायचा आणि कार्ड संपलं तरी बस पहिल्या स्टॉपवरच उभी. मी मात्र जास्तीचं दिसलं की कचाकच कापायची. जन्मभर दुसरं केलंय काय? बटण दुकानात माझी मस्करी करायची. "लेखिकाबाई, वाक्य झालं असेल तर एवढं हुक लावून द्या." पण कार्ड लिहून झालं की आधी मलाच वाचून दाखव म्हणून मागेही लागायची.

तिसरं कार्ड बाबांवर लिहिलं. बाबा वजनकाट्यावर कामाला होते. दुकानातला काटा नव्हे, ट्रकचा. लाकडाच्या वखारीबाहेर जमिनीत एक भलामोठा लोखंडी फलाट बसवलेला होता. ट्रक त्यावर येऊन थांबायचे आणि शेजारच्या केबिनमध्ये परातीएवढ्या तबकडीवर काटा फिरायचा. बाबा आकडा लिहून द्यायचे. दिवसभर तेवढंच काम आणि बोलणं त्याहून कमी. घरीही तसेच. मूग गिळून बसावं तर आमच्या बाबांसारखं. मी सात वर्षांची होते तेव्हा एकदा त्यांनी मला कामावर नेलं होतं. त्यानंतर वर्ष फिरायच्या आत ते गेले. छातीत कळ आली आणि गेले.

कार्ड असं होतं:

"बाबांनी मला ट्रकच्या काट्यावर उभं केलं. फलाट पायाखाली थरथरला, मी घाबरले. बाबा केबिनमध्ये गेले. खिडकीतून तबकडी दिसत होती. काटा ढिम्म. सगळ्या ट्रकांनी हलतो, आणि माझ्याने एवढासुद्धा नाही! मी भोकाड पसरलं. तेव्हा बाबांनी हळूच बोट पुढे केलं आणि काटा ढकलला. बोट मला दिसलं. बाबांना वाटलं, नाही दिसलं. मी हसले. बाबा काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलायचे नाहीत."

ग्रंथपालाने ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. वर्गाच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी आपलं एकेक कार्ड मोठ्याने वाचायचं होतं, घरच्यांना बोलावून. मी हेच वाचावं असं ठरलं. मी अशी तरंगत दुकानात आले आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच बटणाला वाचून दाखवलं.

तिचं मशीन थांबलं. "ताई," ती म्हणाली, "ती मी होते."

"कोण?"

"काट्यावर. मी उभी होते."

"वेड लागलं का गं तुला? तू तीन वर्षांची होतीस."

"म्हणूनच रडले ना! सात वर्षांची घोडी काट्यावर उभी राहून भोकाड पसरते होय? आणि हे बोट कुठून आणलंस? बोटबीट काही नव्हतं. काटा आपोआप हलला. आणि बाबा बोलले."

"बाबा? बोलले?"

"हो, बोलले. 'घाबरू नकोस, मी आहे ना.' मला अजून ऐकू येतं."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. "अगं, बाबांनी आयुष्यात एवढं लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही. घरातून निघताना 'येतो' म्हणायचे तर आई आमच्याकडे बघायची, ऐकलंत का म्हणून. कुठल्यातरी सिनेमातलं वाक्य चिकटवतेस बाबांना!"

शब्दाने शब्द वाढत गेला. माझी जीभ कात्रीसारखी आहे, चालायला लागली की कापड संपेपर्यंत थांबत नाही. मी म्हटलं, "माझी आठवण ढापतेस आणि वर मलाच खोटं पाडतेस? चोराच्या उलट्या बोंबा!"

बटण उठून उभी राहिली. ती चिडली की लाल होते, पण या वेळी पांढरी पडली होती. "चोर? मी? ताई, तुझ्याकडे बाबांच्या ढीगभर आठवणी आहेत. त्यांनी तुला सायकल शिकवली. त्यांच्या बुटात पाय घालून तू घरभर चाललीस. तुझ्या तापात रात्रभर उशाशी बसले. तूच सांगतेस सगळं, मी नुसती ऐकते. माझ्याकडे एक आहे. एकच. बाबा म्हटलं की मला तो काटा दिसतो, दुसरं काही दिसत नाही. आणि तोही तुला हवा?"

मग तिने आपलं मशीन, ते जुनं लोखंडी धूड, एकटीने खरडत फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोलेनाशा झालो. धंदा तर चालू ठेवायला हवा, मग गिऱ्हाइकांमार्फत बोलायचो. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वेटर कोट घट्ट करायला आला होता. त्याच्या अंगावरच्या कोटाला मी टाचण्या लावत होते.

"त्यांना सांगा," मी त्याला म्हटलं, "पांढरं रीळ सापडत नाहीये."

"त्यांना सांगा," भिंतीकडून आवाज आला, "त्यांच्याच पुढच्या ड्रॉवरमध्ये आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"त्यांना सांगा, म्हणी ऐकायला वेळ नाही."

तो बिचारा टाचण्या टोचतील म्हणून हलायलाही घाबरत होता. नुसती मान तेवढी इकडून तिकडे. शेवटी म्हणाला, "मावशी, मी उद्या येऊ का?"

मला बटणाची पाठ बघायची सवय नव्हती. तिच्या मानेवर एक तीळ आहे, तो मला कित्येक वर्षांत दिसलाच नव्हता. मान वर केली की तीळ, मान वर केली की तीळ. मला करमेना. पण माझं खरं होतं, आणि खरं असताना मी माघार कशाला घेऊ? म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, साक्षीदार जिवंत आहे. आत्याला विचारू. ती सांगेल ते या बाईच्या तोंडावर आणून आपटते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं आणि ती आमच्याकडेच राहायची. एका खोलीत आम्ही दोघी बहिणी एका पलंगावर, शेजारच्या खाटेवर आत्या. आता ऐंशी ओलांडलीय, मुलाकडे राहते, कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. मी गेले तेव्हा ती बाल्कनीत घरभराच्या धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती.

"ये भवाने. वाट कशी चुकलीस? बस, जोड्या लाव."

मी एक मोजा उचलला आणि सगळं सांगितलं. कार्ड, काटा, बटण, भिंत. शेवटी विचारलं, "आता तूच सांग. काट्यावर कोण होतं?"

"तू होतीस," आत्या म्हणाली.

मी उभीच राहिले. "बघ! मी म्हणत होते ना!"

"बस खाली. मोजे संपले नाहीत." तिने एक निळा मोजा उजेडात धरून भोक बघितलं. "बटणाला त्या दिवशी गोवर होता. दिवसभर मांडीवर घेऊन मीच बसले होते. तू तीरासारखी आत शिरलीस. 'आत्या, काटा हलला! बाबांनी बोटाने हलवला, पण मी सांगितलंच नाही त्यांना!' केवढी खूश होतीस."

"मग ती का म्हणते की ती होती?"

"कारण तू दिलंस तिला."

"मी काय दिलं?"

आत्याने मोजा खाली ठेवला. "तुला खरंच आठवत नाही? दादा गेला त्यानंतरचं. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बटण झोपायची नाही. एवढीशी पोर, तिला कळेना माणूस कुठे गेला. तू तिला थोपटायचीस आणि ही काट्याची गोष्ट सांगायचीस. पहिल्या रात्री तुझीच होती. 'बाबांनी मला काट्यावर उभं केलं.' सगळी सांगून झाली. मी शेजारी पडून ऐकत होते. ती म्हणाली, 'आणि मला?'"

माझ्या हातातल्या मोज्याचा जोडीदार मला सापडेना.

"तू तिला नुसतं थोपटत राहिलीस. मला वाटलं, आता ही तरी काय सांगणार. काही नव्हतंच सांगायला. दादाने तिला काट्यावर कधी नेलं नाही, राहून गेलं. दुसऱ्या रात्री दिवा मालवला आणि तू सुरू केलंस, 'बाबांनी तुला काट्यावर उभं केलं.'"

"आणि बोट?"

"बोटाचं तू तिला कधी सांगितलं नाहीस. 'काटा हलला' म्हणून थांबायचीस. मग ती विचारायची, 'मी घाबरले?' रोज विचारायची. आणि तू म्हणायचीस, 'थोडीशी. पण बाबा म्हणाले, घाबरू नकोस, मी आहे ना.' दादा कसला म्हणतोय! तूच म्हणायचीस ते. सात-आठ वर्षांची तू, एवढासा आवाज, आणि असं बजावून म्हणायचीस की मला इकडे उशी तोंडावर धरावी लागायची. ते ऐकलं की ती झोपायची."

मला यातलं काही, काही आठवत नव्हतं. काटा आठवत होता, बाबांचं बोट आठवत होतं, नखाजवळची शाईसुद्धा आठवत होती. पण मी दिलेलं आठवत नव्हतं. मला इतकं रडू आलं, की हातात होतं त्यालाच मी नाक पुसलं.

"मोज्याला नको गं," आत्या म्हणाली, "धुतलेला आहे." आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

घरी येताना बसमध्ये मी स्वतःशीच भांडत होते. खटला मी जिंकले होते. साक्षीदार मिळाला होता, गोवराचा पुरावा होता, सगळं होतं. माझ्यासारखीला जिंकलेला खटला गिळायला सांगणं म्हणजे काय, हे मला ओळखणाऱ्यालाच कळेल. माझ्या नवऱ्याने चष्मा कुठे ठेवला यावरून झालेलं भांडणसुद्धा मी कधी अर्धवट सोडलं नाही. आणि हे तर बाबांचं होतं. माझं होतं. मी खरंच तिथे उभी होते.

पण दुकानात शिरले तर समोर तिची पाठ आणि मानेवरचा तीळ. ती कुणाच्या तरी मुलीच्या गणवेशाची पट्टी सोडत होती. एकदम मला आई आठवली, तो कोट आठवला. निळा दोरा कुणी घातला? तूच ना? मग?

मी कोरं पोस्टकार्ड काढलं आणि लिहायला बसले. एक वाक्य उसवलं, एक जोडलं. आयुष्यात इतकं अवघड अल्टरेशन मी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालाला नेऊन दिलं. त्याने वाचलं आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. "पण आधीच्या कार्डात तर तुम्ही..."

"मापं चुकली होती."

"आणि ते बोट? ते तर सगळ्यात छान होतं."

"जास्तीचं होतं, कापलं."

"आजी, पण खरं घडलेलं यातलं कुठलं?"

"मी पडदे वेळेवर देतेय ना? मग प्रश्न विचारू नका," मी म्हटलं. त्या गरीब मुलाने कार्ड वहीत ठेवून दिलं. मला त्याच्याबद्दल वाईटही वाटलं, पण सांगणार काय?

आता बटणाला तिथे न्यायचं कसं? वेटर कोट न्यायला आला होता. मी म्हटलं, "त्यांना सांगा, शनिवारी वाचनालयात पडदे बसवायचेत. शिडी धरायला माणूस लागेल."

भिंतीने आधी हातातली शिवण संपवली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, येईन. कामापुरती."

शनिवारी आम्ही पडदे बसवले. मी शिडीवर, ती खाली, दोघींच्या तोंडात टाचण्या, त्यामुळे न बोलण्याची सोयच झाली. लोक यायला लागले. मी कंडक्टरला म्हटलं, "त्यांना सांगा, बसा जरा. पडदे कसे पडतात ते बघून जाऊ." ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. निघायची तयारी ठेवून.

कंडक्टरने आधी वाचलं. त्याची बस या वेळी चक्क दुसऱ्या स्टॉपपर्यंत पोचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी आली. मी उभी राहिले. कार्ड उजेडाला धरलं.

"आमचे बाबा ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होते," मी वाचलं. "एकदा त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला काट्यावर उभं केलं."

इथे मी थांबले. थांबायचं ठरवलं नव्हतं. मी पाणी प्यायले आणि पुढे वाचलं.

"ती तीन वर्षांची होती. फलाट थरथरला, ती घाबरली. बाबा म्हणाले, 'घाबरू नकोस, मी आहे ना.' मग ते केबिनमध्ये गेले. तिला वाटलं, हा काटा ट्रकांनी हलतो, तो आपल्याने कसा हलणार? ती रडायला लागली. आणि काटा हलला."

टाळ्या सुरू व्हायच्या आत शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "बघा! मी म्हणत नव्हते? मी होते ती!"

सगळे वळून बघायला लागले. बटण उभी राहिली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होती. वाचून मागे येऊन बसलेल्या कंडक्टरचा हात धरून तिने सांगितलं, "मी आहे ती! काट्यावरची! हिला पटतच नव्हतं. मोठी ना, मोठ्यांना सगळं आपलंच वाटतं."

माझ्या जिभेच्या टोकावर काय काय आलं ते इथे लिहीत नाही.

ती तशीच खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, नाकाला नाक लावून. "आणि बोट?" ती म्हणाली. "बोट होतं का?"

मला ते दिसत होतं. खिडकीची काच, तबकडीची पांढरी कड, शाई लागलेलं नख, हळूच पुढे येणारं बोट. बाबांनी कुणालाही न सांगता माझ्यासाठी केलेली ती लबाडी.

"नव्हतं," मी म्हटलं.

"आणि बोलले की नाही बाबा?"

"बोलले."

"मग चोर कोण?"

"बास हं आता," मी म्हटलं. "जिंकलीस म्हणून डोक्यावर बसू नकोस."

तिने मला अशी मिठी मारली की तिच्या कॉलरला लावलेली टाचणी माझ्या खांद्यात घुसली. मी ओरडले, तर म्हणाली, "नाटकी मेली." इतक्या दिवसांनी ती माझ्याशी थेट बोलली होती, मधे वेटर न घालता. मला इतकं बरं वाटलं की टाचणीचंही काही वाटलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरत होतं. बटण अखंड बोलत होती. सोमवारी मशीन परत फिरवायचं, फरशीवर ओरखडे पडलेत, ते कसे घालवायचे, वेटरला कोटाचे पैसे कमी लावायला हवे होते, बिचाऱ्याने फार सोसलं. वाचनालयाच्या पायऱ्या उंच आहेत आणि एका बाजूला कठडा नाही. माझा डावा गुडघा शिडीवर चढउतार करून धरला होता. मी पहिल्या पायरीवर अडखळून थांबले.

बटणाने मागे वळून बघितलं. एक पायरी परत वर आली आणि हात पुढे केला. "दे हात," ती म्हणाली. "घाबरू नकोस, मी आहे ना."

अगदी बजावून म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलेलंच नाही. काट्यावर मी एकटी उभी होते आणि बाबा काहीच बोलले नव्हते. कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी ते बनवलं असणार, आणि फ्रॉकाबरोबर खाली देऊन टाकलं असणार.

मी तिचा हात धरला. घट्ट धरला.

"बाबांचा आवाज आठवतो तुला?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आठवतो तर." ती माझ्या पावलाकडे लक्ष ठेवून एकेक पायरी उतरत होती. "तसा बारीकच होता. पण ऐकलं की भीती जायची. खरं सांगू, ताई? तुझ्यासारखाच होता."

"असेल," मी म्हटलं आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.